रांग भरली की काय करणार, ते आधी सांगा

डिझाइन रिव्ह्यू नावाचा प्रकार ज्यांनी भोगलाय त्यांना हे दृश्य पाठ असेल. व्हाइटबोर्डवर दोन चौकोन. एकात लिहिलंय 'थ्रेड १', दुसऱ्यात 'थ्रेड २'. मधे एक बाण. प्रॉडक्ट विंडोज, लिनक्स आणि मॅक, तिन्हीकडे चालायला हवं. आणि मग कोणीतरी (बहुधा नुकताच लागलेला, उत्साही) विचारतो, "पण हा बाण कशाने करायचा?"

झालं. पुढचा दीड तास गेला म्हणून समजा. एक जण म्हणतो पाइप. दुसरा म्हणतो पॉसिक्स मेसेज क्यू. विंडोजवर वाढलेला सीनियर म्हणतो, "पोस्टथ्रेडमेसेज आहे की, वीस वर्षं वापरतोय." चौथ्याने कालच लॉक-फ्री क्यूवर काहीतरी वाचलेलं असतं, त्यामुळे त्याचे डोळे चमकत असतात. शेवटी एक एक्सेल शीट बनते. उभ्या रकान्यात यंत्रणा, आडव्या ओळीत नॅनोसेकंद, आणि ज्याचा आकडा लहान तो जिंकला!

माझं म्हणणं असं की ही शीटच फाडून टाका. एकाच प्रोसेसमधल्या थ्रेड्सनी एकमेकांना मेसेज द्यायचे असतील आणि कोड पोर्टेबल हवा असेल, तर कोणती यंत्रणा हा प्रश्न आता उरलेलाच नाही. एक म्युटेक्स, दोन कंडिशन व्हेरिएबल्स आणि ठरावीक मापाची एक साधी क्यू. शंभर-दीडशे ओळींचं काम. खरे प्रश्न वेगळेच आहेत, आणि त्या दीड तासात ते कोणी विचारत नाही. क्यू भरली तर काय? दिलेला मेसेज कोणाचा? दुकान बंद करताना आतल्या मालाचं काय?

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. ऐका.

आमचं एक सॉफ्टवेअर पॅथॉलॉजी लॅबमध्ये चालायचं. रक्त तपासणारं मशीन सिरियल पोर्टवरून निकाल पाठवायचं, आमचा एक थ्रेड तो वाचायचा आणि पोस्टथ्रेडमेसेज करून मुख्य थ्रेडकडे ढकलायचा. मुख्य थ्रेड तो स्क्रीनवर दाखवायचा आणि डेटाबेसमध्ये टाकायचा. वर्षभर सुरळीत चाललं. मग एका लॅबमधून तक्रार, "अधूनमधून एखादा रिपोर्ट येतच नाही." आमच्याकडे सगळं छान. तीन आठवडे आम्ही केबल बदलली, पोर्ट बदलला, मशीनवाल्यांशी भांडलो.

कारण काय निघालं? प्रिंटरमधला कागद संपला की आमचंच सॉफ्टवेअर एक मेसेज बॉक्स दाखवायचं. लॅबमधल्या ताई कागद आणायला खाली जायच्या. तो बॉक्स उघडा असेपर्यंत विंडोज स्वतःचा छोटा मेसेज लूप फिरवतं. थ्रेडच्या नावाने टाकलेल्या मेसेजला कुठली विंडो जोडलेली नसते, त्यामुळे तो आतला लूप मेसेज उचलतो, द्यायला कोणी नाही म्हणून टाकून देतो, आणि पुढे जातो. एरर नाही, लॉग नाही. विंडो माउसने धरून ओढली तरी हेच. आणि हे सगळं डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे! आम्ही वाचलं नव्हतं, एवढंच. मशीनच्या मते निकाल देऊन झाला होता. एका आजोबांना पुन्हा बोलावून पुन्हा सुई टोचावी लागली.

मशीन मिनिटाला फार तर चार-पाच निकाल देत असेल. आणि ती यंत्रणा निवडताना आमची चर्चा झाली होती ती वेगावर. असो.

"मग तुम्ही छुपी विंडो करून तिला मेसेज पाठवायचा होता," हे एव्हाना कोणीतरी मनात म्हणालंच असेल. बरोबर आहे, त्याने हा एक खड्डा बुजतो. पण विंडोजच्या मेसेज क्यूला १०,००० ची मूळ मर्यादा आहे, ती भरली की पाठवणारं फंक्शन नुसतं 'नाही जमलं' म्हणून परत येतं, आणि त्याची रिटर्न व्हॅल्यू तपासणारा कोड मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलाय. शिवाय हे सगळं लिनक्सवर नेणार कसं?

नेऊ म्हटलं तर तिथे पॉसिक्स मेसेज क्यू आहेत. नाव तर काय भारदस्त! पण मॅकवर त्या नाहीतच. लिनक्सवर आहेत, तर तिथे मूळ सेटिंगनुसार एका क्यूत कमाल १० मेसेज आणि एक मेसेज कमाल ८,१९२ बाइट्स. मुळात ही सोय वेगवेगळ्या प्रोसेसेससाठी. एकाच घरातल्या दोन खोल्यांमध्ये निरोप द्यायला पोस्टात जाऊन रजिस्टर करण्यासारखं आहे ते. वेगळे प्रोसेस असतील तर जरूर जा पोस्टात, तिथला हिशोबच निराळा.

पाइप? पाइप सगळीकडे आहे असं वाटतं खरं. पण पाइपमधून वाहतात ते बाइट्स, मेसेज नव्हे. एका मर्यादेपर्यंतचंच लिखाण सलग राहील याची हमी असते. पॉसिक्स फक्त ५१२ बाइट्सची हमी देतं, लिनक्स ४,०९६ ची. त्यावर गेलात की दोन थ्रेड्सचं लिखाण एकमेकांत मिसळू शकतं. म्हणून लोक हुशारी करतात आणि नुसता पॉइंटर पाठवतात. मग वाचणारा थ्रेड आधी मेला तर पाइपमध्ये अडकलेल्या त्या पॉइंटर्सची मेमरी कोण सोडवणार? आणि विंडोजवरचं सिलेक्ट पाइप ओळखतच नाही, त्याला फक्त सॉकेट्स कळतात. मग तिथे स्वतःच स्वतःला लूपबॅकवर टीसीपी कनेक्शन जोडायचं. दोन थ्रेड, मेमरी एकच, आणि मधे अख्खा नेटवर्क स्टॅक! वर कोणाच्या तरी कंपनीतली फायरवॉल आडवी आली की बसा बोंबलत.

या सगळ्यामागे एक भाबडी समजूत आहे. 'मेसेज पाठवला म्हणजे लॉक नाही, लॉक नाही म्हणजे भानगड नाही.' अहो, लॉक असतोच. तो तुम्हाला दिसत नाही, एवढाच फरक.

मार्स पाथफाइंडर आठवतंय? ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलं. काही दिवसांत त्याचा कॉम्प्युटर आपोआप रीसेट व्हायला लागला. हवामानाच्या नोंदी घेणारं काम कमी प्राधान्याचं, डेटा वाटणारं काम जास्त प्राधान्याचं. दोघांमधे मेसेज जायचे ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या तयार पाइपमधून. त्या पाइपवरच्या सिलेक्टच्या पोटात एक म्युटेक्स होता. खालच्या प्राधान्याचं काम तो धरून बसलं, मधल्या प्राधान्याच्या कामांनी त्याला हलूच दिलं नाही, आणि वरचं काम त्या म्युटेक्ससाठी ताटकळत राहिलं. वॉचडॉगने पाहिलं की वेळेत काम झालेलं नाही, आणि केलं रीसेट. त्या म्युटेक्सवर प्रायॉरिटी इनहेरिटन्सचा पर्याय होता, पण बंद होता. तो पृथ्वीवरून बदल पाठवून चालू केला आणि प्रकरण मिटलं. म्हणजे टीमने स्वतः लिहिलेल्या लॉकने नव्हे, तर 'मेसेज पाठवतोय' म्हणून वापरलेल्या तयार वस्तूतल्या लॉकने घात केला होता.

तर मग लॉक असणारच असेल, तर तो माझ्या डोळ्यांसमोर असू दे, माझ्या फाइलमध्ये.

आता ही साधी क्यू म्हणजे नेमकं काय, ते पिठाच्या गिरणीवरून सांगतो. (ज्यांनी पाकिटातल्या आट्याशिवाय काही पाहिलं नाही त्यांनी आईला विचारा.) गिरणीत एक फळी असते, तिच्यावर डबे ओळीने मांडलेले. आपण डबा ठेवतो, गिरणीवाला एकेक उचलून दळतो. फळीवर एका वेळी एकाचाच हात, हा म्युटेक्स. डबा नसेल तर गिरणीवाला बसून राहतो आणि डबा आला की त्याला हाक मारायची, ही पहिली कंडिशन व्हेरिएबल. फळी भरली असेल तर आपण थांबतो आणि जागा झाली की तो हाक मारतो, ही दुसरी. फक्त एक पथ्य. हाक ऐकू आली तरी उठून आधी फळीकडे बघायचं. कधी हाक भासही असते, कधी मधेच दुसरा कोणीतरी डबा घुसवून जातो. म्हणून तिथे 'जर' नाही, 'जोपर्यंत' लिहायचं. टोनी होअरने मॉनिटर्सवरचा पेपर १९७४ मध्ये लिहिला, तेव्हापासूनची ही कल्पना आहे. पन्नास वर्षं मुरलेलं लोणचं.

आणि गिरणीवाल्याकडे वरच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं असतात, जी आपल्या डिझाइन डॉक्युमेंटमध्ये नसतात.

पहिलं, फळी भरली तर? तो म्हणतो, "आज नको, उद्या आणा." डबे रस्त्यावर मांडत सुटत नाही. आपण मात्र क्यूला मापच ठेवत नाही, आणि ती मेमरी खाऊन प्रोसेस मरेपर्यंत वाढते. माप ठेवलं की ठरवावं लागतं की थांबायचं, जुनं फेकायचं, की नवं नाकारायचं. आमच्या लॅबच्या निकालासाठी थांबणं हेच उत्तर होतं. तापमान दर सेकंदाला दाखवणाऱ्या काट्यासाठी जुनं फेकणं हे उत्तर आहे. हा निर्णय लायब्ररी तुमच्यासाठी घेऊ शकत नाही. ती घेते तेव्हाच तर गोची होते. झीरोएमक्यूमध्ये मूळ मर्यादा १,००० मेसेजची आहे. ती गाठली की पुश सॉकेट थांबतं, पब सॉकेट मात्र गुपचूप मेसेज टाकून देतं. दोन्ही वागणुकी आपापल्या जागी योग्यच. पण आपण कोणती निवडली हे किती जणांना माहीत असतं?

दुसरं, डबा कोणाचा? फळीवर ठेवला की पीठ होऊन येईपर्यंत त्यात हात घालायचा नाही. सी++ मध्ये २०११ पासून यासाठी मूव्ह आहे, युनिक पॉइंटर आहे. मेसेज क्यूत गेला की पाठवणाऱ्याच्या हातात काही उरता कामा नये. मेसेज पाठवून वर त्यातल्या बफरचा पॉइंटर स्वतःकडे ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. ती शेअर्ड मेमरीच झाली की, नुसती मेसेजचा सदरा घातलेली.

तिसरं, शटर ओढताना काय? गिरणीवाला नवे डबे घेणं बंद करतो, फळीवरचे दळून देतो, मग बटण बंद. क्यूलाही 'बंद' ही अवस्था हवी. बंद झाली की ताटकळणाऱ्या सगळ्यांना हाक, नवीन मेसेज नाकारायचा, आतले संपेपर्यंत द्यायचे आणि मग वाचणाऱ्याला सांगायचं की संपलं. ॲप बंद करताना लटकतं, टास्क मॅनेजरमधून मारावं लागतं, याचं कारण माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा हेच.

आता आक्षेप. ते येणारच.

"म्युटेक्स हळू असतो." कोणी सांगितलं? गर्दी नसताना म्युटेक्स घेणं-सोडणं हे नॅनोसेकंदांच्या दहाच्या पाढ्यातलं काम आहे. झोपलेल्या थ्रेडला उठवायला मायक्रोसेकंद लागतात, आणि तो खर्च लॉक-फ्री क्यू लावली तरी चुकत नाही, कारण रिकाम्या क्यूवर वाचणाऱ्याला झोपवावं लागतंच. नाहीतर तो एक अख्खा कोअर जाळत फिरत राहील. आणि लॉक-फ्री स्वतः लिहिणार असाल तर साष्टांग नमस्कार. रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या चॅनेलमध्ये एक पॅनिक २०१७ पासून नोंदलेला होता. तो सुटला जानेवारी २०२३ मध्ये, आवृत्ती १.६७ ला, आणि तोही आतली अंमलबजावणी काढून तिथे क्रॉसबीमची बसवली तेव्हा. ही त्या भाषेची स्टँडर्ड लायब्ररी, जगभरातून नजर ठेवलेली. तुमचा कोड कोण बघणार? त्यात पोर्टेबल म्हणजे नुसत्या ऑपरेटिंग सिस्टिम्स नाहीत. इंटेल-एएमडीचे प्रोसेसर मेमरीच्या क्रमाबाबत कडक असतात, त्यामुळे चुकीचा कोडही तिथे वर्षानुवर्षं 'चालतो'. एआरएम सैल आहे. २०२० मध्ये ॲपलचा एम१ आला आणि असे 'चालणारे' कोड थेट डेव्हलपरच्या टेबलावर उघडे पडू लागले.

"पण कंडिशन व्हेरिएबलमध्येही बग असतात." मान्य! जीलिबसीमधल्या कंडिशन व्हेरिएबलमध्ये कधीकधी हाक हरवते, असा बग २०२० मध्ये नोंदला गेला आणि निस्तरायला काही वर्षं गेली. पण तो बग एका जागी होता, जगभरच्या लोकांना चावत होता, आणि सिस्टिम अपडेट झाली की माझी एक ओळ न बदलता माझा कोड दुरुस्त होतो. माझ्या घरगुती क्यूतला बग फक्त मला चावतो, आणि तोही गिऱ्हाइकाच्या ऑफिसात.

"विंडोजवर कंडिशन व्हेरिएबल नसते." हे व्हिस्टाच्या आधी खरं होतं, आणि तेव्हा ती हाताने बनवताना भल्याभल्यांच्या चुका झाल्या. सीनियर लोकांचा अविश्वास तिथून आलाय, त्यांचं चुकलं नाही. पण एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्ये संपला, आणि व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ पासून सी++ च्या स्टँडर्ड लायब्ररीतच सगळं मिळतं. जुनी जखम म्हणून आजही लंगडत चालायचं का?

"यूआयचा थ्रेड क्यूवर झोपू शकत नाही, त्याला त्याचा इव्हेंट लूप असतो." हा एकमेव आक्षेप मला खरा वाटतो. नेटवर्कच्या लूपचंही तेच. इथे प्लॅटफॉर्मची यंत्रणा वापरा, पण फक्त दारावरची घंटी म्हणून. मेसेज आपल्या क्यूत टाकायचा, मग घंटी वाजवायची. विंडोजवर छुप्या विंडोला एक रिकामा मेसेज, लिनक्सवर इव्हेंटएफडी, मॅकवर रनलूपला जागं करणं. घंटी ऐकून लूपने क्यू रिकामी होईपर्यंत उचलत जायचं. दोनदा वाजवली आणि एकदाच ऐकू आली, बिघडलं नाही. घंटीत माहितीच नाही, त्यामुळे हरवण्यासारखंही काही नाही. प्लॅटफॉर्मवर अवलंबून असलेला कोड एकूण तीन छोट्या फाइल्स. आमचं लॅबचं सॉफ्टवेअर शेवटी असंच केलं, आणि डेटाबेसमध्ये लिहिण्याचं काम मुख्य थ्रेडकडून काढून वेगळ्या थ्रेडला दिलं. आता तो मेसेज बॉक्स दिवसभर उघडा राहिला तरी निकाल आपला जाऊन बसतो जागेवर.

एक खड्डा माझ्या बाजूचाही सांगतो, नाहीतर म्हणाल लपवलं. अ कडून ब कडे एक क्यू, ब कडून अ कडे दुसरी, दोन्हींना माप, दोन्हीकडे 'भरली तर थांब'. एक दिवस दोन्ही भरतात आणि दोघं एकमेकांची वाट बघत कायमचे बसतात. नियम एकच. परतीच्या वाटेवर थांबायचं नाही. तिथे नाकारलं तर काय करायचं ते आधीच ठरवायचं. यूआयच्या थ्रेडनेही कुठल्याच क्यूवर थांबायचं नाही.

आणि जिथे हे लागूच नाही अशाही जागा आहेत. ऑडिओच्या कॉलबॅकमध्ये लॉक घेऊ नका, तिथे एक लिहिणारा-एक वाचणारा असा रिंग बफरच हवा, आणि तोही कोणीतरी तपासलेला घ्या. गो लिहीत असाल तर चॅनेल, जावा असेल तर २००४ पासून ब्लॉकिंग क्यू आयती आहे, लिहू नका, वापरा. क्यूटी आधीच घेतलं असेल तर त्याचे क्यूड सिग्नल वापरा, फक्त त्या रांगेला माप नाही हे लक्षात ठेवा. भाषा कोणतीही असो, ते तीन प्रश्न मात्र तुमच्याच गळ्यात.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात व्यवहाराचा. विंडोजच्या कंपायलरमध्ये थ्रेड सॅनिटायझर नाही. लिनक्स आणि मॅकवर क्लँगमध्ये आहे. क्यू जर तिन्हीकडे तोच कोड असेल, तर लिनक्सवर रात्रभर चालवलेली टेस्ट विंडोजच्या गिऱ्हाइकाचा बग पकडते. तीन प्लॅटफॉर्मवर तीन यंत्रणा असतील तर तीनदा टेस्ट करा. करणार आहात? खरं सांगा.

तर सोमवारी कोणी व्हाइटबोर्डवर तो बाण काढला की वेगाचं विचारू नका. विचारा, "भरली तर काय?" उत्तर नसेल तर मीटिंग तिथेच संपवा आणि चहाला चला.

मी येतो. गिरणीत डबा ठेवलाय, तो बंद करायच्या आत आणायचाय.